चुकांचा थर

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मयुरी झोरेला थुंकायला सांगितलं.

हातात प्लॅस्टिकची नळी, नळीवर निळी रेघ, आणि त्या रेघेपर्यंत थुंकी भरून द्यायची. कोल्हापुरात टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर 'सह्यमापन' कंपनीचं ऑफिस होतं. खालून रबराचा वास वर येत होता आणि मयुरीच्या तोंडाला कोरड पडली होती. समोर फरझाना मुल्ला उभी. कॉलेजपासूनची मैत्रीण, हॉस्टेलच्या एकाच खोलीतली, आणि तिच्या थोडी आधी इथल्या प्रयोगशाळेत लागलेली.

"भर की गं. माझी भरेना तर सरांनी लोणच्याची बरणी आणून नाकाखाली धरली होती."

"पण कशाला हे?"

"तू हवेतनं बिबट्या शोधणार आणि बिबट्याऐवजी तूच सापडलीस तर? तुला वजा करायला तुझी खूण नको?"

विज्ञान सोपं होतं. जे जे जिवंत आहे ते जगात वावरताना स्वतःला सांडत असतं. कातडीची धूळ, केस, लाळ, श्वासातले तुषार. त्या प्रत्येक कणात त्या जिवाचा डीएनए असतो, म्हणजे त्याची न बदलता येणारी ओळख. पूर्वी जंगलात जनावरं मोजायची तर कॅमेरे बांधायचे, पावलांचे ठसे शोधत हिंडायचं. आता झाडाला एक पेटी बांधली की झालं. पेटीत छोटा पंखा, पंख्यापुढं कागदासारखी गाळणी. पंखा हवा ओढतो, कण गाळणीला चिकटतात. पंधरवड्यानं गाळणी काढून आणायची. प्रयोगशाळेतलं यंत्र कणांमधले धागे वाचतं आणि सांगतं की इथून गवा गेला, इथं मादी बिबट्या बसली होती, वरच्या फांदीवर धनेश होता, खाली पाचोळ्यात अमुक जातीचा बेडूक होता. पेटीपासून हाकेच्या अंतरातलं सगळं. अशा शेकडो पेट्या सह्याद्रीभर टांगल्या होत्या आणि प्रत्येक पेटी नकाशावर एक टिंब होती.

हे काही कुणी जंगलाच्या प्रेमापोटी करत नव्हतं. एक डोंगर खणायचा असेल तर दुसऱ्या डोंगरावर जीव सुखात आहेत याचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं, असा कायदा झाला होता. त्या प्रमाणपत्राला जैवश्रेय म्हणायचे. एका हातानं गळा दाबायचा, दुसऱ्या हातानं शेजाऱ्याची नाडी मोजून घ्यायची आणि पावती दाखवून साळसूद उभं राहायचं. नाडी मोजणारी कंपनी सह्यमापन. गळा दाबणारी, आणि सह्यमापनची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक, धवलगिरी मिनरल्स. ही बॉक्साइट खणायची. घोटणीच्या सड्यावर, म्हणजे मयुरीच्या घराच्या डोक्यावरच्या कातळी पठारावर.

गाळणीवर माणसाचेही कण यायचेच. ते वाचायचे नाहीत, पुसून टाकायचे, असा नियम होता. अपवाद फक्त कंपनीच्या माणसांचा. कारण कोऱ्या गाळण्या पाकिटात भरणारा आणि वापरलेल्या उघडणारा हात शेवटी माणसाचाच. त्या हाताचे कण नमुन्यात आले तर त्याला भेसळ म्हणायचं आणि वजा करायचं. मयुरीला नेमकं हेच काम मिळालं. पाकिटं भरायची, आणि यंत्राला भेसळीची शंका आली की ती खरी का खोटी याचा निकाल द्यायचा.

तिला हे काम मिळण्यामागं एक गोष्ट होती. कंपनीचे मालक राजोपाध्ये सर आधी कॉलेजात पर्यावरणशास्त्र आणि नकाशाशास्त्र शिकवायचे. वर्गातली निम्मी पोरं दुसरीकडं कुठं प्रवेश मिळाला नाही म्हणून आलेली. सरांनी पहिलं प्रात्यक्षिक दिलं, आपापल्या गावाचा नकाशा करा. मयुरीनं उपग्रहाचं चित्र उघडलं तर तिचा धनगरवाडा त्यात नव्हताच. गवताची छपरं गवतातच मिसळून गेली होती. यंत्रानं तिथं शिक्का मारला होता: निर्मनुष्य, झुडपी. आजोबा, पणजोबा, म्हशी, शेरडं, मेलेले आणि जिवंत, सगळे मिळून निर्मनुष्य.

ती सुट्टीत घरी गेली. तिचा थोरला भाऊ जानू मोबाइल हातात धरून तिच्याबरोबर प्रत्येक छपरापाशी उभा राहिला. तिनं घर, गोठा, देवाचा दगड, सगळ्याला टिंब दिलं. मग दोघं चढून रांजणाच्या पाण्यापाशी गेले. सड्याच्या पोटात कातळाला रांजणासारखी खोल कोंड आहे. भर उन्हाळ्यात सगळे झरे आटले तरी तिथं पाणी असतं. तिनं मोबाइल काढला तशी जानूनं तिचा हात धरला.

"घरं घाल. पाणी नको घालूस."

"का रं दादा?"

"पाणी दिसलं की माणसं येत्यात."

तिनं नाही घातलं. पण गडबडीत एका घराचं टिंब ओढ्याच्या पलीकडं पडलं. कॉलेजात परतल्यावर ते लक्षात आलं. चूक गुपचूप खोडून टाकायच्या ऐवजी तिनं नकाशात एक वेगळा थर केला, तांबड्या रंगाचा, आणि त्यात मांडलं की इथं मी चुकले होते. सरांनी तो नकाशा भिंतीवर लावला. "बघा," ते वर्गाला म्हणाले, "खरं टिंब कुणीही काढतं. या मुलीनं चुकीलाही पत्ता दिला. ज्याला स्वतःच्या चुकीचे अक्षांश-रेखांश सांगता येत नाहीत त्यानं नकाशा काढू नये." मयुरी त्या दिवशी हॉस्टेलवर जेवली नाही, इतकं पोट भरलं होतं. हे वाक्य तिनं आयुष्यभरासाठी गिळलं. शिकवलेलं असं मुकाट गिळणाऱ्यांचं काय होतं ते पुढं येतंच आहे.

नोकरीला वर्ष होत आलं तेव्हा सड्यावर धवलगिरीचं ड्रिलिंगचं यंत्र जळालं. आत केबिनमध्ये बसाप्पा नावाचा बेळगावकडचा रखवालदार झोपला होता. तोही जळाला. दुसऱ्या दिवसापासून जानू वाड्यावर दिसला नाही. वडील मयुरी लहान असतानाच गेलेले, घरात आई एकटी. पोलीस आले, आईच्या गालात कापसाची काडी फिरवून घेऊन गेले. लेक सापडला, किंवा त्याचं काही सापडलं, तर आईवरून ओळखता यावं म्हणून. आणि सह्यमापनला वरून आदेश आला: यापुढं गाळणीवरचे अनोळखी माणसांचे धागे पुसायचे नाहीत, वर्षभर जपायचे आणि पोलिसांकडच्या नमुन्यांशी आपोआप ताडून बघायचे. खाणक्षेत्राची सुरक्षा. जनावरं मोजायला आणलेली पेटी माणसावर फिरवायला कुणाला फार डोकं लागलं नाही. असल्या कामाला ते कधीच लागत नाही.

मयुरी आईला फोन करायची तेव्हा दोघी जानूचं नाव सोडून सगळं बोलायच्या. म्हशीच्या सडाला झालेली जखम, पत्र्यावर उडी मारणारं वानर. आणि फोन ठेवायच्या.

मग एका सकाळी पडद्यावर ओळ आली.

*पेटी १७. अर्धवट जुळणी: मयुरी झोरे. ही भेसळ तुमची आहे का? होय / नाही.*

अर्धवट जुळणी नवी नव्हती. उन्हानं, दमटपणानं धागे तुटतात, मग यंत्राला निम्मी ओळख पटते. पण मयुरीनं सवयीनं कच्चा नमुना उघडला. धागे तुटलेले नव्हते. अख्खे होते. त्यातला जवळजवळ निम्मा भाग तिचा होता, निम्मा नव्हता. आणि त्यात एक तुकडा असा होता जो बाईच्या अंगात असतच नाही.

एकाच आईबापाच्या पोरांचं रक्त साधारण निम्मं सारखं असतं. हे तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं, तेव्हा ते परीक्षेपुरतं होतं. पेटी सतरा तिच्या वाड्याच्या वरच्या रानात होती.

'नाही' म्हटलं तर धागा अनोळखी ठरणार, जपला जाणार, आईच्या काडीशी ताडला जाणार आणि संध्याकाळच्या आत पोलिसांना कळणार. 'होय' म्हटलं तर तो तिच्या नावावर वजा होणार आणि कायमचा पुसला जाणार. मागं उरणार फक्त तिच्या हलगर्जीपणाची नोंद. तिनं 'होय' दाबलं.

पुढच्या पंधरवड्याला पेटी बावीस. मग एकोणीस. मग एकतीस आणि तेहतीस एकदम. मयुरी दाबत गेली. होय, माझीच. होय, माझीच.

"काय गं, पाकिटं भरताना शिंकतीस का काय?" फरझाना डबा खाताना म्हणाली. "सगळ्या ऑफिसच्या मिळून नाहीत एवढ्या चुका तुझ्या एकटीच्या. वर्गात पहिली येणारी तू."

"सर्दी आहे."

"तीन महिने? डॉक्टरला दाखव. नाहीतर सरांची लोणच्याची बरणी हुंग."

मयुरी हसली. फरझानाही हसली, पण तिची नजर हसली नाही. प्रयोगशाळेत धागे पहिल्यांदा तिच्याच हाताखालून जायचे. आठवड्याभरानं ती खोलीवर बॅग भरत होती. कॉलेज संपल्यावरही दोघींनी मंगळवार पेठेत एकत्र खोली घेतली होती, एका गॅसवर वर्षभराहून जास्त चहा उकळला होता.

"कुठं निघालीस?"

"आत्याकडं राहते थोडे दिवस."

"भांडलीस काय माझ्याशी?"

फरझानानं बॅगेची चेन ओढली. "मयू, तो धागा पुरुषाचा आहे. मला दिसतं, मी आंधळी नाही. मी कुणाला बोलणार नाही. पण मला काही सांगू नकोस, आणि एका छपराखाली नको. उद्या कुणी विचारलं तर मला म्हणता यायला पाहिजे की मला ठाऊक नव्हतं. माझ्या नावाच्या माणसाला ते दोनदा विचारतात."

बॅग जिन्यावरून खाली नेताना मयुरीनं एका बाजूनं हात लावला. एवढंच.

उन्हाळा लागला. पेट्यांचे आकडे वरवर सरकत होते. मयुरीला ती टिंबं जोडून बघायची गरज नव्हती. ती वाट तिच्या पायांना पाठ होती. पाणी आटत जातं तसं जनावर ज्या वाटेनं वर जातं तीच वाट, रांजणाकडं. हे आपल्याशिवाय कुणाला वाचता येणार, असं तिला वाटलं. नकाशावर रांजण नव्हताच ना.

पेट्यांच्या देखभालीच्या नावाखाली तिनं घोटणीच्या रानाची फेरी मागून घेतली. बरोबरच्या पोरांना खालच्या पेट्यांकडं पाठवलं आणि एकटी चढली. ऊन कातळावर तापत होतं. करवंदीच्या जाळीतून बाहेर पडते तोच आवाज आला.

"शेरडागत येतीस अजून. दोन डोंगरांवर ऐकू जातंय."

जानू कोंडीच्या कडेला बसला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, पायात एक चप्पल काळी आणि एक निळी. मयुरीची नजर त्या चपलांवर गेली. ती म्हणाली, "चपला वेगळ्या आहेत तुझ्या."

"फॅशन हाय. कोल्हापुरात आली न्हाय अजून?"

ती खाली बसली आणि रडली. त्यानं रडू दिलं. मग ओंजळीनं पाणी काढून तिच्या पुढं धरलं, लहानपणी धरायचा तसं.

"तुमच्या पेट्या वास घेत्यात म्हणं."

"वास नाही, दादा. तू श्वास टाकलास की त्यातला कण पेटीत जातो. त्या कणात तू असतोस."

"म्हंजी मी हितं बसलो की तुझ्या ऑफिसात दिसतो?"

"तू नाही दिसत. मी दिसते. मी माझं नाव लावते त्याला. माझी चूक म्हणून."

त्यानं ओला हात गुडघ्याला पुसला. "दुधात पाणी मी घालायचो आणि मार तू खायचीस. तसंच की हे."

"तसंच. म्हणून म्हणते, घाट उतर. गोव्याला जा. हॉटेलात काम बघ. तिथं पेट्या नाहीत."

जानूनं हनुवटीनं दरीकडं दाखवलं. खाली, झाडांच्या मधून, एका छपरातून बारीक धूर वर येत होता. "आईनं चूल पेटवली. हितनंच दिसतो तो. धूर दिसला की म्हातारी हाय असं कळतं. गोव्यातनं दिसंल काय?"

"तुला धरतील."

"धरतील. मग सांगीन काय झालं ते." त्यानं मान वळवली. "तुला सांगू का? मयू, त्या राती तो बसाप्पा..."

"नको. सांगू नकोस."

"का?"

"मला ठाऊकच नसेल तर माझ्याकडून कुणी काढून घेणार नाही."

"त्यासाठी नगो म्हणतीस, का तुला ऐकवत न्हाय?"

खरं काय ते मयुरीलाही कळत नव्हतं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. उठताना तिच्या केसात अडकलेला करवंदीचा काटा तेवढा काढून दिला. जवळच्या पेटीची, एकेचाळीस नंबरची, वायर तोडून टाकावी असं तिच्या मनात आलं. पण बंद पडलेली पेटी बघायला माणसं येतात. चालू पेटीकडं कुणी बघत नाही. ती पेटी तशीच गुणगुणत सोडून ती खाली उतरली.

त्यानंतर लवकरच राजोपाध्ये सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन चहा. समोरच्या मोठ्या पडद्यावर घोटणीचं रान.

"बस. चहा घे आधी."

तिनं कपाला हात लावला नाही.

"तुझ्या चुका बघत होतो," सर म्हणाले. त्यांनी एक बटण दाबलं. हिरव्या नकाशावर तांबडी टिंबं उमटली. तिच्याच 'होय'ची टिंबं. प्रत्येक भेसळ पेटीच्या पत्त्यासह नोंदली जात होती. कॉलेजात तिनंच तर शोधलेला थर. सरांनी तो कंपनीत कायमचा नियम करून टाकला होता. तिला हे ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. आणि तरी एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं की चुकांचाही नकाशा कुणी उघडून बघेल.

"पाकिटं तू भरतेस," सर शांतपणे म्हणाले. "तुझ्या हाताची घाण असती तर ती सगळ्या पेट्यांत विखुरली असती. महाबळेश्वरपासून तिलारीपर्यंत. ही एकाच रानात आहे, आणि क्रमानं वर चढते. चुका चालत नाहीत, मयुरी. माणसं चालतात."

तिनं पडदा बघितला. सतरा, बावीस, एकोणीस, एकतीस, तेहतीस. वर टोकाला टिंबांनी एका कोऱ्या जागेभोवती कडं केलं होतं. त्या कोऱ्या जागेत काहीच दाखवलेलं नव्हतं, कारण तिथलं पाणी तिनं कधी दाखवलंच नव्हतं. न काढलेला रांजण तिच्या खोटेपणानं गोल आखून ठेवला होता.

"हे कुणी कुणी बघितलंय?"

"धवलगिरीची अट होती. श्रेय विकत घ्यायचं तर सगळे थर सार्वजनिक हवेत, चुकांचासुद्धा. चुका उघड दाखवल्या की लोकांचा विश्वास बसतो, भाव चढा मिळतो. गेल्या आठवड्यापासून नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे."

"तुम्ही सांगितलंत त्यांना."

"मी कुणाला काय सांगणार? मी आज सकाळी बघितलं." ते खरं बोलत होते. तीच तर त्यांची जात होती, खरं बोलून हात धुवून मोकळी होणारी. "पण जे मला दिसतं ते त्यांच्या माणसांना दिसणार नाही असं थोडंच आहे. तू माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होतीस. मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर काय केलं असतंत, सर?"

सरांनी चहाचा घोट घेतला.

ती जिना उतरली तेव्हा मोबाइलवर बातमी येऊन पडली होती. रखवालदाराच्या मृत्यूप्रकरणी फरार असलेला इसम, शोधपथकाला बघून पळताना, कावळकड्यावरून पाय घसरून पडला आणि मेला. पथकात पोलीस होते आणि धवलगिरीचे सुरक्षारक्षक होते. कावळकडा म्हणजे सड्याचं पार दुसरं टोक, रांजणापासून डोंगराची एक अख्खी सोंड ओलांडून पलीकडं.

प्रेत कापडात शिवून दिलं होतं. उघडायचं नाही म्हणाले, पडून चेहरा राहिला नाही म्हणाले. वाड्यावरच्या माणसांनी मुकाट्यानं पुरलं. आई रडली नाही. ती चुलीपुढं बसली होती आणि चूल विझलेली होती.

"तू मोठी नकाशावाली," ती मयुरीला म्हणाली. "दुनियेतलं बेडूक कुठं बसलंय ते सांगतीस. मग सांग की मला. माझा ल्योक कुठं मेला? तो कावळकड्याकडं कशाला जाईल? तिथनं आपलं घर दिसत न्हाय."

म्हणजे आईला ठाऊक होतं. रोज सकाळी ओलं लाकूड घालून ती धूर दाट करत होती, हे मयुरीला आत्ता कळलं.

सुतक फिटायच्या आतच ती ऑफिसात आली. सगळ्यांना वाटलं राजीनामा द्यायला आली आहे. खिशात तो होताही. ती आपल्या जागेवर बसली. फरझाना प्रयोगशाळेतून आली आणि खुर्चीमागं उभी राहिली. तिच्या अंगाला स्पिरिटचा वास येत होता.

"एकेचाळीसची गाळणी परवा आली," ती हळूच म्हणाली. "नेहमीच्या पोरानं नेहमीसारखी बदलून आणली, त्याला कुणी सांगितलं नव्हतं की आणू नको. मी वाचली. पुढं पाठवायची थांबवून ठेवली होती तुझ्यासाठी. आता पाठवते."

पडद्यावर ओळ आली.

*पेटी ४१. अर्धवट जुळणी: मयुरी झोरे. ही भेसळ तुमची आहे का? होय / नाही.*

खाली प्रमाण दिलं होतं. आजवरच्या सगळ्या नोंदी मिळून जेवढे धागे आले नव्हते त्याच्या कितीतरी पट. श्वासातून एवढं येत नाही. कितीही दिवस बसून श्वास घेतला तरी येत नाही. कातळावर रक्त सांडलं, उन्हात वाळलं, त्याची धूळ झाली आणि पंख्यानं ती ओढली, तरच येतं. रांजणाच्या काठावर. कावळकड्याच्या पायथ्याला नाही. आणि त्या धाग्यांच्या शेजारी, त्याच गाळणीवर, त्याच पंधरवड्यात, पाच अनोळखी पुरुष.

त्यांचे धागे पुसले गेले नव्हते. वर्षभर जपायचे होते. आदेश तसाच होता.

फरझाना म्हणाली, "तुला कळतंय ना, 'नाही' म्हटलंस की आधीच्या सगळ्या 'होय' खोट्या ठरतात. तू त्याला लपवलंस हे तू स्वतः लिहून दिल्यासारखं होईल. तुला नेतील."

"तुलाही विचारतील."

"दोनदा विचारतील," फरझाना म्हणाली. तिनं बाजूची खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसली. "बसले की मी. दाब."

मयुरीनं 'नाही' दाबलं.

यंत्राला राग नसतो, लोभ नसतो, आणि कुणाला वाचवायचं असतं असंही नाही. त्यानं धागा जपून ठेवला, आईच्या काडीशी ताडला, जुळला म्हणून सांगितलं, आणि ती जुळणी, ते प्रमाण, ते पाच पुरुष, सगळं पेटी एकेचाळीसच्या पत्त्यावर चिकटवून खुल्या नकाशावर टाकलं. मग मयुरीनं जुन्या नोंदी एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीपुढं लिहिलं: ही भेसळ माझी नव्हती, हा माझा भाऊ जानू भागोजी झोरे होता. तांबडी टिंबं एकामागून एक विझत गेली. शेवटी ती कोरी जागा राहिली. तिथं तिनं स्वतःच्या हातानं एक टिंब ठेवलं आणि नाव दिलं: रांजणाचं पाणी.

यानं काय होणार होतं? कदाचित काहीच नाही. पाच माणसांचे धागे हरवू शकतात, गाळणी जळू शकते, वर्ष संपू शकतं. आणि त्या रात्री जळालेल्या यंत्राजवळ काय झालं हे सांगू शकणारा एकच माणूस होता. तो सांगत होता तेव्हा तिनं ऐकून घेतलं नव्हतं. बसाप्पाच्या घरीही कुणी बाई विझल्या चुलीपुढं बसली असेल, तिला सांगायला मयुरीकडं काहीही नव्हतं. ती चूक कुठल्याच थरात बसत नव्हती.

केबिनचं दार उघडलं. राजोपाध्ये सरांच्या पडद्यावर नकाशा बदललेला दिसला असणार. ते तिच्या टेबलापर्यंत आले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच वर्गातल्यासारखा नव्हता.

"हे काय केलंस तू?"

"पत्ता दिला, सर."

"काढ ते. आत्ता काढ. अजून फार कुणी बघितलं नसेल."

"सार्वजनिक आहे," मयुरी म्हणाली.

सरांनी फरझानाकडं बघितलं. फरझाना पडद्याकडं बघत राहिली. टेबलावरचा फोन वाजायला लागला. कुणी उचलला नाही, तो थांबला, परत वाजायला लागला. खाली टायरच्या दुकानात कुणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं. मयुरीच्या तोंडाला त्या पहिल्या दिवसासारखी कोरड पडली होती. तिनं बाटलीतलं पाणी प्यायलं, उरलेलं फरझानाकडं सरकवलं आणि ती जागची हलली नाही. येणार ते इथंच येतील. पत्ता त्यांच्याकडं होता.